रेघेतली गाठ

माझ्या कामाच्या खोलीत एक नियम आहे. ज्याच्या हातात कात्री आहे त्याच्याशी कोणीही बोलायचे नाही. घराला आग लागली असली तरी आधी त्याला कात्री खाली ठेवू द्यावी आणि मग आगीची बातमी सांगावी. हा नियम मी केला, मी पाळला आणि माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येक मुलीकडून पाळून घेतला. सुई चुकली तर दोरा उसवता येतो. कात्री चुकली की कापडाला हात जोडून उपयोग नसतो.

दुसरा नियम कात्री उचलण्याच्या आधीचा. बेतणाऱ्याने समोर काय पसरले आहे ते मोठ्याने सांगायचे: "सुलट वर. लव माझ्याकडे. कापड एकेरी. उजवी बाही बेततेय." खोलीत दुसरा जो कोणी असेल त्याने जवळ यायचे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि म्हणायचे, "बघितलं." मगच कात्री. लव म्हणजे कापडावरचे बारीक केस; ती ज्या दिशेला झुकते ती दिशा सगळ्या भागांना एकच लागते. नव्या मुली पहिल्या आठवड्यात तोंडावर हात धरून हसतात. पहिले कापड वाया गेले की हसू आपोआप थांबते.

आणि तिसरी गोष्ट नियम म्हणावी अशी नव्हे, पण ती कोणी मोडलेली नाही. स्वयंपाकघरातून या खोलीत येताना जो उंबरठा लागतो, त्याच्या पलीकडे मी आजी आहे आणि अलीकडे बाई. माझी नातसुद्धा तिकडे मला "अगं आजी" म्हणते आणि इकडे पाऊल टाकताच "अहो बाई".

तिला सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून ते नाव पडले. पुढे तिचे पाय ठरले, हात तर फारच लवकर ठरले; माझ्या घराण्यात तसा हात मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी सहजासहजी कोणाचे कौतुक करीत नाही हे मला ओळखणारे जाणतात. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, जहाजावर यंत्रे सांभाळतो. जहाज बंदराला लागले की त्याचा आवाज ऐकू येतो, एरवी नाही. तिची आई परिचारिका. तिची बदली दूरच्या शहरातल्या रुग्णालयात झाली तेव्हा मुलीचे शिवणविद्यालय सुटू नये म्हणून मुलगी माझ्याकडे राहील असे मी ठरवले. निघताना सुनेने मुलीच्या हातात एक फोन ठेवला, इतकेच.

वर्षअखेरीच्या प्रात्यक्षिकात भिंगरी नापास झाली. अस्तर लावलेला कोट एका दिवसात बेतून शिवायचा होता. तिने दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या. कापड दुहेरी घडीत असेल तर एका कात्रीत उजवी आणि डावी अशा दोन्ही बाह्या निघतात. कापड एकेरी पसरलेले असेल तर कागदी नमुना एकदा सुलटा आणि एकदा उलटा ठेवावा लागतो. तो उलटायचा राहिला. नवखी मुलगीसुद्धा दुसऱ्या महिन्यानंतर असे करीत नाही. परीक्षकांनी तो कोट पुतळ्यावर चढवला तेव्हा एक बाही पाठीमागे वळून उभी राहिली, जणू कोणी पाठीमागून हात पिरगाळला आहे.

विद्यालय फेरपरीक्षेची एकच संधी देते. तीत नापास झाली की नाव कमी होते. नाट्यगृहाच्या वेशभूषा विभागात तिच्यासाठी एक जागा राखून ठेवलेली होती. तिथल्या मुख्य बाई माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते, "बाई, तुमच्या शब्दाखातर फेरपरीक्षेपर्यंत थांबते. त्यापुढे मला विचारू नका." मी पुढे विचारणारही नव्हते. शब्द टाकण्याची सवय मला आहे, हात पसरण्याची नाही.

असे ते दिवस होते. माझी झोप उडाली होती, आणि ते मी कोणाला दाखवत नव्हते.

सरावाला बसवले की मी तिच्यासमोर स्टुलावर बसत असे. एका दुपारी ती मुंढ्याची गोलाई काढीत होती. खांद्यापासून काखेपर्यंत खडू सरळ आला, वळला, आणि मध्येच तिच्या एप्रनच्या खिशात काहीतरी गुरगुरले. खडू थांबला. तिने वर पाहिले नाही, खिशातही हात घातला नाही. तशी ती आज्ञाधारक आहे. क्षणभराने खडू पुन्हा चालू लागला. पण जिथे तो थांबला होता तिथे रेघेवर जाड पांढरा ठिपका उमटला, दोऱ्यात गाठ पडावी तसा.

मी ते कापड उचलून खिडकीपाशी नेले. बाहीच्या रेघेत गाठ. गळ्याच्या रेघेत दोन. पाठीच्या सरळ रेघेत, जी डोळे मिटूनही मारता यावी, तिथेही एक. गाठीपर्यंतची रेघ एका माणसाने काढली होती आणि गाठीनंतरची दुसऱ्याच कोणी तरी.

"हे काय आहे?" मी विचारले.

"रेघ, बाई."

"रेघ मलाही दिसते. या गाठी?"

कोपऱ्यात इस्त्रीमामा कॉलरवर वाफ मारीत होते. ते माझ्याकडे इतकी वर्षे आहेत की त्यांना गप्प बसवण्याचा नाद मी सोडून दिला आहे. तिथूनच म्हणाले, "गाठी नाहीत त्या, थांबे आहेत. गाडी प्रत्येक थांब्याला थांबते, मग मुक्कामाला उशीर व्हायचाच."

"मामा, तुम्ही गप्प बसा," भिंगरी म्हणाली. "तुमचा फोन दिवसभर गाणी म्हणतो ते?"

"माझा गातो. तुझा हाका मारतो. फरक आहे, पोरी."

मी हात पुढे केला. तिने फोन माझ्या तळहातावर ठेवला. मी तो बेतण्याच्या टेबलाच्या खणात, बटणांच्या डब्याशेजारी ठेवून खण लावून घेतला.

मला वाटले होते, काटा काढला. कसला! दुसऱ्या दिवशी रेघेतल्या गाठी वाढल्या. फोन खणात गुरगुरला की बटणे डब्यात थरथरत, आणि ती बारीक किणकिण त्या मुलीच्या पाठीच्या कण्यातून जाताना मला दिसे. मग मी तो बंद करायला लावला. तेव्हा तर ती मध्येच थांबून विचारू लागली, "बाई, वाजला का?"

"बंद आहे."

"नाही, मला वाटलं वाजला."

तिसऱ्यांदा तिने असे विचारले तेव्हा मला राग आला नाही, भीती वाटली. बंद पडलेले यंत्र जिला ऐकू येते, तिच्यापुढे मी कोणता खण लावू?

त्याच संध्याकाळी घरातला जुना फोन खणखणला. सून होती. एरवी ती माझ्याशी बोलताना शब्द मोजून मापून बोलते. त्या दिवशी तिने नमस्कारही केला नाही.

"आई, तिचा फोन बंद का आहे?"

"मी बंद केला आहे. परीक्षा तोंडावर आहे."

"मला सांगायचं तरी! सकाळपासून फोन लागत नाही. मी इथे काय काय मनात आणलं, तुम्हाला कल्पना आहे?"

"तिला काही झालेले नाही. ती शिकते आहे."

"मला कसं कळणार ते? मी तिची आई आहे, आई! तिकडे तुम्ही, इकडे मी, आणि मध्ये तेवढं एकच आहे आमच्यात. तेही खणात टाकलंत?"

मी बोलण्यात कोणाला हार जात नाही. पण त्या "आमच्यात" या शब्दापुढे मी हार गेले. शेवटी मी तोडगा काढला: फोन चालू राहील, पण माझ्या खिशात. आईचा निरोप आला तर उत्तर मी देईन. भिंगरीने तो कसा उघडायचा, बोट कुठून कुठे फिरवायचे, ते मला दाखवले. तिने विरोध केला नाही. उलट तिचा चेहरा असा झाला की जणू डोक्यावरचे ओझे कोणीतरी दुसऱ्याने उचलले. आणि लगेचच असा की ते ओझे त्याला पेलेल का.

मला न पेलायला काय झाले, असे मी मनात म्हटले.

त्याच सुमारास वाद्यवृंदाच्या संचालकांचा कोट माझ्याकडे होता. काळे, दाट लव असलेले कापड त्यांनी स्वतः परदेशातून आणलेले. नेमके तेवढेच, चिंधीभरही जास्त नाही. मंचावर पाठमोरे उभे राहून हात वर करणाऱ्या माणसाचा कोट बेतणे म्हणजे खेळ नव्हे. त्याला लोक पाठीकडून पाहतात.

खिशातला फोन पहिल्या दिवशी गुरगुरला तेव्हा मी काम संपवून, हात धुऊन, चष्मा लावून पाहिले. सुनेचे निरोप होते. "जेवलीस?" "सराव झाला?" "आजी काय म्हणतात?" "घाबरू नकोस." थोड्या वेळाने पुन्हा, "अजिबात घाबरू नकोस." मग, "या वेळी नीट हं बाळा." त्याखाली वर्गातल्या मुलींचे. कोण म्हणे परीक्षक बदलले, कोण म्हणे या वेळी कापड लवेचे देणार, कोण म्हणे गेल्या वर्षी फेरपरीक्षेत एकही पास झाली नव्हती. आणि प्रत्येकीचा शेवटी तोच प्रश्न, "तुझं किती झालं?"

मी सुनेला लिहिले, "जेवली. सराव झाला. आजी बरे म्हणतात." बोटे जाड, अक्षरे बारीक, घाम निघाला.

दुसऱ्या दिवशी मी हात न धुताच पाहिले. त्याच्या पुढच्या दिवशी मी फोन गुरगुरण्याची वाट पाहत होते. परीक्षक खरेच बदलले काय? लवेचे कापड देणार म्हणजे कसले? इतक्या वर्षांत ज्या बाईने परीक्षकांना उभे राहून नमस्कार करायला लावला, ती मी, शिकाऊ पोरींच्या अफवा चष्मा लावून वाचीत होते. खिसा शांत असला की जास्तच अस्वस्थ वाटे. हे बरे नव्हते, आणि बरे नाही हे मला कळत होते.

त्या दिवशी कोटाची पाठ झाली होती, पुढचे भाग झाले होते, डावी बाही बेतून झाली होती. उजवीसाठी मी कापड सरळ केले, नमुना ठेवला, खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "सुलट वर. लव माझ्याकडे. कापड एकेरी. उजवी बाही बेततेय."

भिंगरी आपले काम सोडून माझ्याकडे यायला निघाली, आणि खिसा गुरगुरला.

मी पाहिले. सूनच होती. "आई, ती रडते का हो कधी? खरं सांगा." मी तो प्रश्न वाचला, फोन खिशात टाकला, आणि उत्तर काय द्यावे याचा विचार करीत कात्री उचलली.

भिंगरीचे "बघितलं" मी ऐकले नाही. ते तिने म्हटलेच नव्हते. ती टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी एप्रन आवळून उभी होती. इस्त्रीची वाफही थांबली होती. कात्री मनगटापासून वर गेली, कोपराच्या वळणावर वळली, मुंढ्याची गोलाई सुरेख कापली गेली, आणि मी तो तुकडा उचलून डाव्या बाहीवर ठेवला.

तो तिच्यावर तंतोतंत बसला. लवेवर लव, वळणावर वळण. दोन्ही बाह्या डाव्या.

मी कात्री खाली ठेवली.

"तू पाहिलेस?" मी विचारले.

"हो, बाई."

"केव्हा?"

"तुम्ही पहिली कात्री मारायच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता. "तुमच्या हातात कात्री होती."

इस्त्रीमामा खाकरले. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, आणि मी त्यांच्याकडे पाहताच कॉलरवर जोरजोरात वाफ सोडू लागले.

मी स्टुलावर बसले. मान वळवून रेघ पाहिली, माझ्या स्वतःच्या हाताची रेघ. मुंढ्याच्या वळणाआधी तिच्यावर एक जाड पांढरी गाठ होती. फोन वाजण्याआधीपासूनच मी त्याची चाहूल घेत होते.

"बाई," भिंगरी हळूच म्हणाली, "परीक्षेत माझं असंच झालं होतं."

"तुझ्या खिशात तेव्हा फोन नव्हता. दारात जमा करून घेतात."

"नव्हताच. खिसा रिकामा होता. तरी वाजल्यासारखं झालं. मला वाटलं, आई विचारत असेल, सुरू झालं का. तिला उत्तर कोण देणार? मग मी मनातल्या मनात उत्तर देत बसले. सुरू झालं, आई. पाठ झाली, आई. एक बाही झाली, आई. आणि दुसरी..." ती थांबली. "चूक दिसली तेव्हा बराच वेळ होता हातात. पण मला काही सुचेना. फोन असता तर त्यात तोंड खुपसून बसले असते. तो नव्हता, म्हणून नुसतीच बसले."

मला त्या मुलीला जवळ घ्यावेसे वाटले. पण आम्ही उंबरठ्याच्या अलीकडे होतो.

"डोळे पूस," मी म्हणाले. "चूक झाली की बसायचे नसते. इकडे ये. काय शिल्लक आहे ते बघ आणि मला सांग, हा कोट कसा वाचवायचा."

"मी सांगू?"

"माझी बुद्धी आज खिशात गेली आहे. तू सांग."

बाहीचे दोन भाग असतात. वरचा रुंद आणि काखेखालचा अरुंद. आम्ही रुंद भाग बेतले होते, अरुंद राहिले होते. भिंगरीने चुकलेला तुकडा पसरला, उरलेले कापड पसरले, कागद इकडे ठेवला, तिकडे ठेवला. आणि मग तिचा चेहरा मी ज्या चेहऱ्याची वाट पाहत होते तसा झाला: पाण्यात तळ दिसावा तसा.

"चुकलेल्यातून खालचे दोन्ही अरुंद भाग निघतात," ती म्हणाली. "आणि अरुंद भागांसाठी जे कापड ठेवलं होतं त्यात नवा वरचा भाग बसतो, फक्त एवढा कोपरा कमी पडतो. तिथे जोड द्यायचा. जोड काखेकडे जाईल."

"अगं, तो माणूस हात वर करतो!" इस्त्रीमामा ओरडले. "वर केला की जोड दिसेल!"

"दिसेल तो वाजवणाऱ्यांना," भिंगरी म्हणाली. "आणि त्यांचं लक्ष समोरच्या कागदात असतं."

मी हसले. त्या आठवड्यातले पहिले हसू ते. तिने कागद उलटा ठेवला, मोठ्याने चारही गोष्टी सांगितल्या, मी जवळ जाऊन पाहिले आणि म्हटले, "बघितलं." तिने माझ्या कात्रीने तो भाग कापला. जोडावर मामांनी लव अशी उठवली की पुढे संचालकांनी कोट घालून आरशापुढे दोन्ही हात वर केले तेव्हा मीच त्यांना तो दाखवून दिला. लपवून दिलेला कपडा माझ्या दारातून जात नाही. त्यांनी वाकून पाहिले, शोधले, आणि "कुठे?" असे विचारले.

नियम मी बदलला नाही. त्यात भर घातली. कात्रीखाली चूक दिसली तर मात्र ओरडायचे.

"आणि आग?" मामांनी विचारले.

"आग नंतरच."

त्या संध्याकाळी, उंबरठ्याच्या पलीकडे, मी भिंगरीला म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी फोन माझ्याकडे असेल. तुला कोणी काही विचारणार नाही. ज्याला जे विचारायचे ते तो मला विचारेल, आणि मी उत्तर देईन. तू आत एकाही माणसाला उत्तर द्यायचे नाहीस. मनातसुद्धा नाही. कळले?"

"आजी, आई राहू शकणार नाही गं."

"ते मी बघते."

परीक्षेच्या सकाळी विद्यालयाच्या लांबलचक बोळात मी एका बाकावर बसले. दिवाणखान्याएवढ्या त्या दालनाच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती, आणि बाकाच्या टोकाला सरकून बसले की भिंगरीचे टेबल दिसे. सकाळभर ती वाकून काम करताना दिसत होती. पाठ झाली. पुढचे भाग झाले. माझ्या मुठीत फोन होता. तो इतका वेळ गप्प होता की मला सुनेचा अभिमान वाटू लागला होता.

भिंगरीने उरलेले कापड पसरले. एकेरी. लवेचे. मुलींची ती अफवा खरी निघाली होती. तिने पहिली बाही बेतली, तुकडा बाजूला ठेवला, कागद हातात घेतला, आणि त्याच वेळी माझ्या मुठीतला फोन वाजला. गुरगुरला नव्हे, वाजला. त्या ओसाड बोळात तो आवाज भिंतीभिंतीवर आपटत गेला. मी बोट फिरवले, ते चुकीच्या दिशेने फिरले, तो वाजतच राहिला. काचेपलीकडे सगळ्या मुलींनी माना वर केल्या.

भिंगरीनेही केली. तिचा कागद अर्धवट उचललेला होता. तिचा दुसरा हात एप्रनच्या रिकाम्या खिशावर गेला.

त्या क्षणी मला ओरडून सांगता आले नसते, आणि सांगून उपयोगही नव्हता. मी उठून उभी राहिले, काचेसमोर आले, तिला दिसेल अशा रीतीने फोन कानाला लावला आणि म्हणाले, "बोल. मीच आहे."

भिंगरीने मला पाहिले. मी बोलते आहे हे पाहिले. तिचा हात खिशावरून खाली आला.

मागून विद्यालयाचा शिपाई धावत आला. "बाई! इथे फोन चालत नाही. बाहेर! बाहेर व्हा आधी!" आयुष्यात मला "बाहेर व्हा" असे कोणी म्हटलेले नाही. मी त्याच्याकडे पाहिले, त्याने नजर खाली घातली, आणि तरीही मी निघाले. काचेकडे पाठ करून जिना उतरणे हे त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम होते.

"आई, मला राहवलं नाही," सून पलीकडून बोलत होती. "मी ठरवलं होतं, दिवसभर करायचा नाही. पण पेशंटची नाडी बघत होते आणि आकडाच लक्षात राहीना. दोनदा बघितली. तुम्ही रागावलात?"

"हो."

"सुरू झालं का?"

"कधीच सुरू झाले. दुसरी बाही बेतते आहे."

दुसरी बाही म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक होते.

मी अंगणातल्या पायरीवर बसले. समोर सायकली उभ्या होत्या. "हे बघ," मी म्हणाले, "तू मला विचारले होतेस, ती रडते का. मी उत्तर दिले नव्हते. रडते. क्वचित, आणि उंबरठ्याच्या पलीकडे. पण ती तुझ्यासाठी रडत नाही, तुझ्या काळजीपायी रडते. तुला उत्तर द्यायचे राहिले की तिची रेघ थांबते."

मग ती म्हणाली, "मी तिला सोडून आले, आई. मी विचारलं नाही तर तिला वाटेल मला पर्वा नाही."

"तू सोडून गेली नाहीस. मी ठेवून घेतली. ते माझ्या खात्यावर लाव." हे बोलायला मला जड गेले, पण खरे होते. "आता यापुढे काळजी वाटली की मला फोन करायचा. तिला नाही. दिवसाला दहा वेळा कर."

"तुम्ही रागावता."

"रागावेन. पण उचलेन."

ती हसली की रडली ते नीट कळले नाही. मग आम्ही बोलत राहिलो. तिच्या वॉर्डातल्या एका हट्टी म्हातारीविषयी ती सांगू लागली, जी औषध घेण्याआधी सगळ्या परिचारिकांना रांगेत उभे करते. "अगदी तुमच्यासारखी," म्हणाली. मी म्हटले, "म्हणजे बरी होईल." सून वीसेक वर्षांपूर्वी माझ्या घरात आली; इतके आम्ही पूर्वी बोललो असू असे मला वाटत नाही. बोलता बोलता आम्ही दोघीही मध्येच थांबत होतो, आणि थांबलो की दोघींनाही ठाऊक असे की आपण कुठे आहोत. त्या काचेच्या दारापाशी.

रुग्णांकडे जायला ती मध्ये फोन ठेवी आणि पुन्हा करी. अखेर संध्याकाळी आत घंटा झाली. "फोन ठेवू नकोस," मी म्हणाले आणि जिना चढले. 

दालनाची दोन्ही दारे उघडली होती. परीक्षक एकेक कोट पुतळ्यावर चढवीत होते. भिंगरी भिंतीला टेकून उभी होती, हातात चिंध्यांची पिशवी; उरलेले कापड मुलींनी स्वतः घेऊन जायचे असते. मी काही विचारले नाही. मी पिशवीत हात घातला आणि दुसऱ्या बाहीच्या कडेचा तुकडा शोधून काढला. रेघ मनगटापासून वर आली होती, आणि कोपराजवळ एक गाठ होती. जाड, खोल, खडू तिथे मोडला असावा. ती फोन वाजला तेव्हाची असणार नाही, तेव्हा कागद अजून हातात होता. म्हणजे नंतरही ती एकदा थांबली होती.

पण त्या गाठीपुढची रेघ त्याच हाताची होती. मुंढ्याच्या वळणावरून ती न थरथरता पार शेवटपर्यंत गेली होती.

"इथे काय झाले?"

"इथे मी चारही गोष्टी मोठ्याने म्हटल्या," भिंगरी म्हणाली. "पर्यवेक्षक म्हणाले, बोलायचं नाही. मी म्हटलं, झालंच. पुन्हा म्हटल्या."

"आणि 'बघितलं' कोणी म्हटले?"

"मीच. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन."

परीक्षकांनी तिचा कोट उचलला. खांदे पुतळ्यावर बसवले, पुढचे भाग ओढून जुळवले, आणि एकेक बाही सोडली. डावी खाली आली आणि किंचित पुढे झुकली, माणसाचा हात झुकतो तशी. मी उजवीकडे पाहत होते. शेजारी भिंगरीने माझे मनगट धरले होते आणि ती ते किती जोराने आवळते आहे याची तिला जाणीव नव्हती. उजवी खाली आली. हलली. आणि डावीसारखीच, तिच्या आरशातल्या बहिणीसारखी, पुढे झुकून स्थिर झाली.

परीक्षकांनी अस्तर उलटून पाहिले, काखेची शिवण ओढून पाहिली, आणि आपल्या कागदावर खूण करून पुढच्या कोटाकडे वळले. वळताना म्हणाले, "उत्तीर्ण. पण कॉलर जरा मोठी आहे."

कॉलर मोठी होतीच. मलाही ती दारातूनच दिसली होती. घरी गेल्यावर तिच्याशी त्याबद्दल बोलायचे असे मी ठरवले, आणि मग भिंत धरली.

"आजी, काय होतंय तुला?"

आम्ही उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला होतो, ते मला त्या वेळी सांगता आले नसते. मी मूठ उघडली. फोन गरम झाला होता, त्यावर माझ्या घामाचा ठसा होता, आणि आतून एक बारीक आवाज सारखा विचारीत होता, "आई? आई, काय झालं? सांगा ना!"

"घे," मी भिंगरीला म्हणाले. "हे उत्तर मात्र तूच दे."